माझ्या नावानं मागितलेली माफी

“वेबसाइट मला अरे-तुरे का करते?”

फोन उचलल्याबरोबर राव सरांनी हेच विचारलं. मी मेलवीथी नावाच्या रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. कॉफीचा डबरा, म्हणजे पेला आणि वाटी, समोर तसाच होता.

“कुठे करते सर?”

“आत जायच्या बटणावर. ‘आत ये’ म्हणून लिहिलं आहे. मी डेप्युटी कमिशनर म्हणून रिटायर झालो. मला ‘ये’ म्हणणारी ही कोण?”

राव सर म्हणजे आमच्या तंजावूरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मी त्या मंडळाची वेबसाइट बनवली आणि मीच ती सांभाळते. हा माझा धंदा आहे. दोन शाळा, एक मिठाईचं दुकान, एक दातांचा दवाखाना आणि हे मंडळ, असे माझे क्लायंट. त्यांतला सगळ्यात वैतागवाणा कोणता, हे सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आम्ही तंजावूरवर मराठ्यांचं राज्य असताना इकडे आलेल्या घरांतले. घरात मराठी बोलतो, पण ती तुमच्यासारखी नाही. तुम्ही ‘काय करतोयस’ म्हणता, आम्ही ‘काय करूलालास’ म्हणतो. ‘मला माहीत नाही’च्या जागी ‘मज ठाव नाही’. मध्ये तमिळ शब्द येतात आणि सूर तर सगळा तमिळच. देवनागरी वाचता येणारे थोडे. मला येते, कारण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी काही वर्षं काढली आणि बसच्या पाट्या वाचत शिकले. आता आमची माणसं चेन्नईला, बंगळूरूला, परदेशात पांगली आहेत. मुलांना घरची भाषा समजते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. त्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वेबसाइटवर एक फोरम आहे. फोरम म्हणजे गप्पांचा कट्टा. कोणी एक विषय काढतो, बाकीचे त्याखाली लिहितात. त्या एका विषयाच्या गप्पांना थ्रेड म्हणतात.

पोंगलच्या आठवड्यासाठी जरा गंमत करावी असं कमिटीत ठरलं. कल्पना डॉक्टर मोहन यांची. दातांचा दवाखाना त्यांचाच. ते म्हणाले, बटणांवरचं इंग्लिश काढू आणि घरात बोलतो तसं लिहू. मीटिंगला राव सर हजर होते. मान पण डोलावली होती.

मग मी बसून सगळ्या बटणांची नावं बदलली. लॉगिनला ‘आत ये’. लॉगआउटला ‘येतो’, कारण आमच्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. सर्चला ‘हुडक’. नसलेलं पान कोणी मागितलं की कॉम्प्युटर ‘पेज नॉट फाउंड’ म्हणतो. तिथे मी लिहिलं, ‘इथं कोण्ही नाही. अस्की जेवायला गेलेत.’ अस्की म्हणजे सगळी. आणि हे सगळं तमिळ अक्षरांत आणि इंग्लिश अक्षरांत, म्हणजे कोणाचं अडायला नको.

मला वाटलं होतं, चार जण हसतील आणि पोंगल झाला की विसरतील. तसं झालं नाही. त्याच दिवशी भांडण सुरू झालं.

कोइम्बतूरच्या एका बाईंनी लिहिलं, “मी ‘येतो’ का म्हणू? मी पुरुष आहे का?” बरोबर होतं. मी ‘येतो’ आणि ‘येते’ असं दोन्ही केलं. एका रिटायर्ड हेडमास्तरांनी लिहिलं, ‘ये’ नको, ‘या’ पाहिजे. त्यावर बंगळूरूची एक मुलगी म्हणाली, “आपण देवाला पण ‘ये’ म्हणतो. तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे का?” हेडमास्तर चिडले. मुलीचे वडील मध्ये पडले. ‘हुडक’ हा शब्द खेडवळ आहे की नाही यावर दोन मावसभावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. सिंगापूरच्या एका गृहस्थांनी लांबलचक लिहिलं, की घरची भाषा घरात ठेवावी, वेबसाइट जगाला दिसते, बाहेरचा माणूस काय म्हणेल.

पण त्या भांडणात लोक बोलत होते, आणि घरच्या भाषेत बोलत होते. ज्या मुलांनी कधी फोरमवर एक ओळ लिहिली नव्हती ती मुलं लिहायला लागली. काही जण मुद्दाम खोटे पत्ते टाइप करून ‘अस्की जेवायला गेलेत’ बघत होते आणि फोटो काढून आईला पाठवत होते.

‘ये’ आणि ‘या’चा निकाल कमलाक्कांनी लावला. त्या तिरुवैयारुला राहतात, गाणं शिकवतात. वय सत्तरच्या पुढे. मुलगी परदेशात. दुपारी शिकणाऱ्या मुली गेल्या की त्या फोन घेऊन फोरमवर यायच्या आणि एका बोटानं तमिळ अक्षरांत मराठी लिहायच्या. त्यांनी लिहिलं, “अनोळखी माणूस आला तर ‘या’ म्हणायचं. दुसऱ्या खेपेला ‘ये’. तिसऱ्या खेपेला काही म्हणायचं नाही, पाणी द्यायचं.”

मी अगदी तसंच केलं. पहिल्यांदा येणाऱ्याला ‘या’. पुन्हा आल्यावर ‘ये’. त्यानंतर बटणावर फक्त पाण्याच्या तांब्याचं चित्र. धंद्यात इतकी वर्षं झाली, इतकं चांगलं डिझाइन मला कोणी सांगितलं नव्हतं. हेडमास्तर पण गप्प झाले.

राव सर गप्प झाले नाहीत. त्यांना एक वेगळी काळजी लागली होती. महाराष्ट्रातून काही साहित्यप्रेमी मंडळी राजवाडा आणि ग्रंथालय बघायला येणार होती. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरला होता आणि तिथे पडद्यावर वेबसाइट दाखवायची होती. राव सरांनी त्यांच्यातल्या एकाला आधीच लिंक पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “छान आहे. पण ही मराठी आहे की तमिळ?” आणि पुढे हसणारे चेहरे.

राव सरांनी मला बोलावून घेतलं आणि तो मेसेज दाखवला.

“बघ. आपलं हसं झालं. अस्की बदल. शुद्ध मराठी घाल. देवनागरीत.”

“सर, देवनागरी आपल्या लोकांना वाचता येत नाही. बटण दिसेल, पण कशाचं ते कळणार नाही.”

“पाहुण्यांना कळलं म्हणजे झालं.”

“पाहुणे एक दिवस बघणार. आपली माणसं रोज बघतात.”

मी सुचवलं की सभासदांनाच विचारू. फोरमवर मत घ्यायची सोय आहे, तिला पोल म्हणतात. डॉक्टर मोहन पण हो म्हणाले. राव सर नाइलाजानं ‘सरि’ म्हणाले. आमच्याकडे सरि म्हणजे ठीक आहे. किती ठीक, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं. मी बघितलं नाही.

पोल सुरू झाला आणि घरच्या भाषेच्या बाजूनं भराभर मतं पडायला लागली. विरुद्ध मतं पण होती, आणि ती मांडणारे काही वेडे नव्हते. एकानं लिहिलं, “माझ्या मुलाला नोकरीसाठी महाराष्ट्रात जायचं आहे. त्याला तिथली मराठी इथे दिसली तर बरं.” हे मला पटलं. त्याच्यासाठी वेगळी सोय करता आली असती.

मग कमलाक्कांनी राव सरांना उद्देशून लिहिलं, “अरे चीनू, अक्काबरोबर आमच्या घरी येत होतास तेव्हा तू असंच बोलत होतास की. गोड बोलत होतास. पाहुण्यांना समजलं नाही तर आपण समजावून सांगू. घर आपलं आहे.”

राव सरांची मोठी बहीण कमलाक्कांच्या घरी गाणं शिकायला जायची, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. अध्यक्षांचं नाव चीनू आहे हेही कळलं. खाली हसणाऱ्यांची रांग लागली. बंगळूरूच्या मुलीनं लिहिलं, “चीनू मामा, ये की!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं आणि साइट बघितली. थ्रेड नव्हता. पोल नव्हता. सगळ्या बटणांवर देवनागरी आली होती: ‘प्रवेश करा’, ‘शोधा’, ‘निर्गमन’. आणि पहिल्या पानावर, ठळक चौकटीत, इंग्लिशमध्ये एक निवेदन होतं. त्याचा अर्थ असा, की संकेतस्थळावर मंडळाची परवानगी न घेता अशुद्ध आणि अनुचित भाषा वापरण्यात आली, ही चूक पूर्णपणे माझी आहे, मी सभासदांची आणि सन्माननीय पाहुण्यांची क्षमा मागते. खाली माझं पूर्ण नाव. आणि माझ्या कंपनीचं नाव.

मी ते निवेदन लिहिलं नव्हतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

मला राग आला. खोटं का सांगू. मी साइटचा लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणी कधी काय बदललं याची कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद. सगळं अध्यक्षांच्या पासवर्डनं झालं होतं. क्लायंटला अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यावाच लागतो, घर त्याचं असतं. त्या नोंदीत आणखी एक ओळ होती. एका सभासदाचं खातं बंद केलं होतं. कमलाक्कांचं.

तेवढ्यात मिठाईच्या दुकानाच्या मालकांचा फोन आला. “एन्नम्मा, काय गं, काय घोळ घातलास? आमच्या साइटवर पण काही लिहिलं नाहीस ना?” त्यांच्या सुनेनं ते निवेदन वाचलं होतं.

मी स्कूटर काढली आणि थेट राव सरांच्या घरी गेले.

ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी उभ्यानंच विचारलं, “सर, माझ्या नावानं माफी कोणी मागितली?”

“बस.”

“बसत नाही. कोणी मागितली?”

“मंडळाचा मान राखायचा होता. कोणाच्या तरी नावावर घालायला पाहिजे होतं. तू व्हेंडर आहेस. व्हेंडरला काय?”

“व्हेंडरला नाव असतं सर. त्याच नावावर ती जेवते. परवानगी कमिटीनं दिली. तुम्ही तिथे बसला होतात.”

“तू आवाज चढवू नकोस.”

“चढवणार. लोकांनी लिहिलेलं तुम्ही पुसलंत. ते तुमचं नव्हतं, माझं पण नव्हतं. मुलं पहिल्यांदा बोलली होती.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग हळू बोलले. “तुला ठाव नाही. मी तरुणपणी ट्रेनिंगला नागपूरला गेलो होतो. आपली भाषा बोलणारी माणसं भेटतील म्हणून केवढ्या खुशीत गेलो. पहिल्या दिवशी मेसमध्ये ‘मज पाणी पाहिजे’ म्हटलं. सहा महिने ते मला ‘मज’ म्हणून हाक मारत होते. त्यानंतर मी तिथे फक्त इंग्लिश बोललो.”

मी हे ऐकलं आणि माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. झाला नाही, वाढला. कारण पुण्यात माझ्याबरोबर हेच झालं होतं. मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं की दोघं-तिघं एकमेकांकडे बघायचे. एकानं तर विचारलं होतं, “तू ही भाषा कुठल्या नाटकातून शिकलीस?”

“मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं,” मी म्हटलं. “तिथे हसणारे परके होते. इथे तुम्ही आपल्याच माणसांची तोंडं बंद केलीत. कमलाक्कांचं खातं का बंद केलं?”

“त्यांनी माझी चेष्टा केली. सगळ्यांसमोर.”

“त्यांनी तुम्हाला गोड म्हटलं.”

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. मी माझं म्हणणं स्पष्ट सांगितलं. साइट मंडळाची आहे, बटणांवर काय लिहायचं ते मंडळानं ठरवावं, मी लिहीन. पण माझ्या नावाची माफी काढा, लोकांचं लिखाण परत आणा, कमलाक्कांचं खातं उघडा. माझ्याकडे रोजचा बॅकअप असतो, म्हणजे सगळ्याची कॉपी. पुसलेलं सगळं परत आणता येतं. मी ते परस्पर आणणार नाही, तुमच्या परवानगीनं आणीन.

“परवानगी नाही,” ते पेपरमागून म्हणाले.

तिथून मी तिरुवैयारुला गेले. रागात फोनवर बोलण्यापेक्षा समोर जाऊन सांगावं असं वाटलं. कमलाक्का ओटीवर बसल्या होत्या. तंबोरा कापडात गुंडाळलेला. मला बघून आधी त्यांना बरं वाटलं, मग घाबरल्या.

“बरं झालं आलीस. अगं, मी फोनमध्ये काहीतरी मोडलं बघ. सकाळपासून हे येऊलाले. दाबलं की पुन्हा हेच.”

फोन पुढे केला. स्क्रीनवर देवनागरीत लिहिलं होतं, ‘आपले खाते निलंबित करण्यात आले आहे.’

“मज वाचता येत नाही ना,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या कोण्हालाच येत नाही. काय म्हणतं ते?”

मी आयुष्यात कितीतरी एरर मेसेज लिहिले आहेत. असा एकही वाचून दाखवला नव्हता. एका म्हाताऱ्या मराठी बाईला तिच्याच माणसांनी बाहेर काढलं होतं, शुद्ध मराठीत, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. आणि ती मला विचारत होती की तिनं काय मोडलं.

“तुम्ही काही मोडलं नाही,” मी म्हटलं. “चीनूनं बंद केलंय.”

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग विचारलं, “त्याला वाईट वाटलं का?”

मला किंचाळावंसं वाटलं. मी कॉफी घेतली आणि निघाले.

ऑफिसात येऊन मी सभासद म्हणून लॉगिन केलं, अ‍ॅडमिन म्हणून नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. अ‍ॅडमिन म्हणून ते निवेदन मी एका मिनिटात उडवू शकले असते, पण मग राव सरांत आणि माझ्यात फरक काय राहिला? सभासद म्हणून मी एक ओळ लिहिली, तमिळ अक्षरांत: “ही माफी मी मागितलेली नाही. मागणार पण नाही.” खाली कमलाक्कांच्या फोनचा फोटो टाकला आणि त्यावर काय लिहिलं आहे त्याचा अर्थ.

ती ओळ पुसली गेली. मी पुन्हा लिहिली. पुन्हा पुसली गेली. तिसऱ्या वेळी माझ्याआधी कोइम्बतूरच्या बाईंनीच ती टाकली होती. मग हेडमास्तरांनी. मग सगळ्यांनी. सिंगापूरच्या गृहस्थांनी लिहिलं, “मी शुद्ध मराठीच्या बाजूचा आहे, अजूनही आहे. पण अक्कांचं खातं बंद करणं हा निर्लज्जपणा आहे.” संध्याकाळपर्यंत फोरमवर दुसरं काही नव्हतं. राव सर पुसत होते, लोक लिहीत होते. शेवटी त्यांचा हात दुखला असणार.

डॉक्टर मोहन यांनी कमिटीची मीटिंग बोलावली. मला पण बोलावलं. राव सर म्हणाले, मंडळाची शिस्त बिघडली. डॉक्टर म्हणाले, “सर, शिस्त नंतर. परवानगी आपण सगळ्यांनी दिली होती, ते आधी लिहून टाकू.” बाकीचे टेबलाकडे बघत बसले. मग एकेकानं हात वर केला. माझ्या नावाचं निवेदन काढायचं ठरलं. बॅकअपवरून लोकांचं लिखाण परत आणायचं आणि कमलाक्कांचं खातं उघडायचं ठरलं. बटणांचं असं ठरलं, की साइटवर आल्यावर प्रत्येकानं आपल्याला हवी ती भाषा आणि लिपी निवडावी. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम होतं.

राव सर मीटिंग संपायच्या आधी उठून गेले. राजीनामा दिला नाही. माफी पण मागितली नाही, स्वतःच्या नावानंसुद्धा नाही. तेव्हापासून मला कामाचे फोन ते डॉक्टरांकडून करवतात.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. चांगली माणसं होती. राजवाडा बघितला, जुन्या पोथ्या बघितल्या, भरपूर फोटो काढले. हॉलमध्ये यायला उशीर झाला, शाली घालण्यात वेळ गेला, मग जेवण. मी लॅपटॉप लावून बसले होते. आभाराच्या वेळी कोणीतरी म्हणालं, वेबसाइटची लिंक पाठवा, घरी जाऊन बघू. पडदा उघडलाच नाही. ज्यांच्यासाठी एवढं सगळं पुसलं, त्यांनी ते बघितलंच नाही.

ज्यांनी हसणारे चेहरे पाठवले होते, ते माझ्या शेजारी जेवायला बसले होते. सांबार दोनदा घेतलं. म्हणाले, “तुमची मराठी फार गोड आहे हो.” मी त्यांना भात वाढला.

कमलाक्कांचं खातं मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्याच उघडलं होतं. त्यांचे सगळे जुने शब्द जागेवर आहेत. मी फोन केला, मग जाऊन सांगून आले, फोनवर दाखवून आले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मान हलवली.

“नको गं,” म्हणाल्या. “आता मज बोट टाकायला भीती वाटते. परत कोण्हाला राग येईल.”

मी खूप सांगितलं. त्यांनी मला शेवग्याच्या शेंगा दिल्या आणि विषय बदलला. त्या परत फोरमवर आल्या नाहीत. आत्तापर्यंत तरी नाहीत.

लोक मला सांगतात, तू जिंकलीस की. मी जिंकले नाही. पुसलेलं लिखाण बॅकअपवरून परत येतं. माणूस बॅकअपवरून परत येत नाही.

आता मी नवीन क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक अट घालते. सभासदांनी लिहिलेलं पुसायचं असेल किंवा कोणाचं खातं बंद करायचं असेल, तर एका माणसाच्या पासवर्डनं होणार नाही, दोघांचा लागेल. क्लायंट विचारतात, कशाला एवढं, आमचे अध्यक्ष फार सज्जन आहेत.

मी म्हणते, असतील. आमचे पण होते. म्हणूनच दुसरा पासवर्ड.